पोंग्यातलं आमिष

(सकाळ. मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, साचलेला भुशासारखा चुरा.)

हा चुरा म्हणजे अळीची विष्ठा. डोक्यावर उलटा 'वाय', शेपटाकडे चौकोनात चार ठिपके: अमेरिकन लष्करी अळी. २०१८ मध्ये ती कर्नाटकात सापडली, त्याच वर्षी सोलापूरच्या उसातही आली. मोठी अळी विष्ठेचं बूच लावून आत बसते आणि फवारा त्या बुचावरच वाळतो. म्हणून विष तिच्या खाण्यातून द्यायचं.

(घमेलं. कोंडा, गूळ.)

एकराला १० किलो भाताचा कोंडा, २ किलो गूळ. गूळ २-३ लिटर पाण्यात विरघळवून कोंड्यात कालवायचा, २४ तास झाकून ठेवायचा. आंबूस गोड वास सुटला की आमिष तयार. शेतात जायच्या अर्धा तास आधी त्यात १०० ग्रॅम थायोडीकार्ब हे कीटकनाशक, ७५ टक्क्यांची भुकटी. आदल्या रात्रीच मिसळली, तर अंगणात विषारी घमेलं पडून राहतं; आणि कोंडा-गूळ म्हणजे गाईम्हशींचं आंबोणच!

थायोडीकार्ब हे कार्बामेट या कीटकनाशकांच्या गटातलं, मुख्यतः पोटविष. शरीरात त्याचं मेथोमिल होतं. हो, २०२३ मध्ये केंद्राने बंदी घातली तेच कीटकनाशक. मज्जातंतूचा निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक विकर असतं. कार्बामेट त्यालाच अडकून बसतं, आणि स्नायू आखडतच राहतात. हे विकर माणसातही आहे, म्हणून कालवताना आणि टाकताना हातमोजे हवेतच.

(संध्याकाळ. सरीतून चालणारी माणसं.)

अळी रात्री खाते, तेव्हा टाकायचं संध्याकाळी. ७५ बाय २० सेंटिमीटर अंतरावर एकरी सुमारे २७ हजार झाडं बसतात. पोंग्याच्या वाट्याला जेमतेम अर्धा ग्रॅम, म्हणजे चिमूट. मिश्रण मोकळं हवं. पाणी जास्त झालं की गोळे होतात, एका पोंग्यात ढीग आणि पुढचे चार रिकामे. तुरा आल्यावर पोंगाच राहत नाही. तिथे हा उपाय संपला. टाकलेल्या शेतात जनावर सोडायचं नाही, तिथला हिरवा मकाही गोठ्यात न्यायचा नाही.

काम करणाऱ्याला घाम, लाळ, मळमळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक: लगेच दवाखाना, सोबत औषधाचं पाकीट. उतारा अ‍ॅट्रोपीनचा. कार्बामेट काही तासांत विकरापासून आपोआप सुटतं, ऑरगॅनोफॉस्फेट हा कीटकनाशकांचा दुसरा गट तसा सुटत नाही. डॉक्टर पाकिटावर आधी तेच बघतात.