लावदिकीयाचं पाणी

हा दगडी ठोकळा आरपार कोरलेला आहे. असे ठोकळे एकाला एक भिडवून, सांधे चुन्याने बुजवून लावदिकीया या प्राचीन शहराचा नळ तयार झाला. पाणी यायचं दक्षिणेकडच्या झऱ्यांवरून, आजच्या तुर्कस्तानातल्या देनिझलीच्या बाजूने. शेवटच्या टप्प्यात नळ उतारावरून खाली जातो आणि पाणी स्वतःच्याच दाबाने पुन्हा शहराच्या टेकडीवर चढतं. पंप नाही, काही नाही. भोकाच्या आतला हा जाड थर पाहा. पाण्यातल्या क्षारांनी नळ असा आतून आवळत आणला.

पाण्याची किंमत शहराला पुरती ठाऊक होती. इथेच सापडलेल्या संगमरवरी शिळेवर इसवी सन 114 चा पाणीकायदा कोरलाय. पाणी घाण करणाऱ्याला किंवा नळ फोडणाऱ्याला दंड 5,000 ते 12,500 दिनार, म्हणजे रोमन चांदीची नाणी.

बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात सात मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती समुदायांना, पत्रं आहेत. त्यातलं शेवटचं याच शहराला आहे. त्यात प्रभू येशू म्हणतो: तू थंड नाहीस, गरम नाहीस, कोमट आहेस, म्हणून तुला तोंडातून ओकून टाकीन. उपदेशात याचा अर्थ ठरलेला असतो: गरम म्हणजे आवेशी, थंड म्हणजे अविश्वासू. मग प्रभूला थंड माणूसही चालेल, असं पत्र का म्हणतं?

उत्तरेला बघा. तो पांढरा डोंगर पामुक्कले, त्याच्या माथ्यावर हिएरापोलिस. तिथल्या गरम झऱ्यांत अंग शेकायला लोक आजही येतात. पूर्वेला होनाझ डोंगराच्या पायथ्याशी कलस्सै. तिथे डोंगरातलं गार पाणी. बायबलमधल्या पौलाच्या कलस्सैकरांस पत्रातही ही तिन्ही गावं एकत्रच येतात. गरम पाणी कामाचं, गारही कामाचं. या नळातून येणारं कोमट मात्र कशाच्याच कामाचं नाही. काही अभ्यासकांना हे पटत नाही. त्यांच्या मते इशारा जेवणावळीतल्या पेयाकडे आहे. असेल. पण हा नळ बघितल्यावर तो पर्याय आम्हाला फिकाच वाटतो.

पुढची टोचणीही इथलीच. मला काही कमी नाही, असं मंडळी म्हणते. इसवी सन 60 च्या भूकंपानंतर हे शहर रोमची मदत न घेता उभं राहिलं, असं इतिहासकार टॅसिटस लिहितो. काळ्या लोकरीसाठी नावाजलेल्या गावाला पत्र पांढरी वस्त्रं घ्यायला सांगतं. जवळच वैद्यकाची शाळा होती, तर डोळ्यांसाठी अंजन घे म्हणतं.

सात पत्रं म्हणजे चर्चच्या इतिहासाचे सात कालखंड, आणि लावदिकीया म्हणजे आपला काळ, हे गणित पुष्कळांना प्रिय आहे. त्यात हा नळ कुठेच बसत नाही.

आणि हे चौथ्या शतकातलं चर्च, 2010 साली रडारच्या मदतीने मातीखाली सापडलेलं. त्याच शतकात या शहरात धर्मसभा भरली. तिच्या नावाने चालत आलेल्या पवित्र पुस्तकांच्या यादीत प्रकटीकरण नाही.