रेल्वेने आलेलं पाणी

नमस्कार, श्रोतेहो.

माझं लहानपण इंदूरच्या रामबागेतलं. वाड्यात अकरा बिऱ्हाडं आणि नळ एक. एरवी एकमेकींकडून विरजण नेणाऱ्या आई आणि शेजारच्या काकू मे महिन्यात एका घागरीवरून आठ-आठ दिवस बोलत नसत. पाऊस सुरू झाला की अबोला सुटायचा. हवामानबदल आणि संघर्ष या विषयावर बोलायचं ठरलं, तेव्हा मला आधी तो नळच आठवला.

हीच गोष्ट शहराएवढी झाली की काय होतं, ते २०१६ साली लातूरनं पाहिलं. पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं.

देशाएवढी झाली तर? सीरियात २००६ ते २०१० या काळात भीषण दुष्काळ पडला. ईशान्येकडच्या गव्हाच्या पट्ट्यात गुरं मेली, गावं ओस पडली, माणसं शहरांच्या कडेला येऊन राहिली. २०११ मध्ये उठाव झाला आणि पुढे युद्ध पेटलं. दुष्काळानंच हे युद्ध लावलं, असं काही जण सरळ सांगतात. मला ते पटत नाही. अनेक अभ्यासकांनाही ते मान्य नाही. त्या दुष्काळाची झळ शेजारच्या इराकलाही बसली होती. पण सीरियात जमिनीखालचं पाणी आधीच वारेमाप उपसलेलं होतं, ऐन दुष्काळात डिझेल आणि खतांवरची सवलत काढून घेतली गेली, आणि गाऱ्हाणं मांडायला जागाच नव्हती. पाऊस कमी पडणं आपल्या हातात नसेल, पण या बाकीच्या गोष्टी माणसांनी केलेल्या होत्या. म्हणून तर मला आशा वाटते.

ती आशा मला दिसते आपल्या शेजारच्या देवासमध्ये. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ म्हणून मिरवणाऱ्या या माळव्यात, १९९० साली देवासलाही रेल्वेनेच पाणी आणावं लागलं होतं. ट्यूबवेल खोल खोल जात राहिल्या. ज्याच्याकडे पैसा त्याची बोअर खोल, आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी. गावात वैर यायला आणखी काय लागतं? २००६ पासून तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना, विशेषतः मोठ्या शेतकऱ्यांना, गळ घातली: जमिनीचा दहावा-विसावा हिस्सा तळ्याला द्या. मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती हीच, की सुरुवात सर्वांत जास्त पाणी उपसणाऱ्यापासून झाली. तळं खोदणाऱ्याला ‘भगीरथ कृषक’ म्हटलं गेलं, तळ्याला ‘रेवासागर’. बघता बघता अशी हजारो तळी झाली. हिवाळ्यात गहू-हरभऱ्याला तळ्याचं पाणी मिळू लागलं आणि ट्यूबवेलवरचा भार कमी झाला.

आणि आपलं इंदूर? जलूदहून नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटर वाहून, डोंगर चढवून आपल्या नळाला येतं. या नर्मदेवरूनही राज्याराज्यांत तंटा होता. १९६९ मध्ये लवाद नेमला गेला आणि १९७९ मध्ये वाटणीचा निवाडा झाला. दहा वर्षं लागली, पण भांडण कागदावर सुटलं. धरणांमुळे उठलेल्या गावांचं दुःख मात्र त्या वाटणीत पुरतं मोजलं गेलं नाही, हेही बोललं पाहिजे. पाणी वर चढवायला वीज लागते, आणि कोळशाची वीज हवा आणखी तापवते. म्हणून २०२३ मध्ये महानगरपालिकेनं जलूदच्या सौरऊर्जा प्रकल्पासाठी हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढून २४४ कोटी रुपये उभे केले. त्यात साध्या नोकरदारांनीही आपली बचत गुंतवली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रामबागेतल्या आमच्या वाड्यात मागच्या अंगणात एक विहीर आहे, बरीच वर्षं पत्र्यानं झाकलेली. यंदा गाळ काढून झाला. छपराचं पाणी आत सोडायला पन्हळी बसवायच्या आहेत, आणि मृगापूर्वी ते काम उरकायचं आहे. वर्गणी अकराही बिऱ्हाडांनी दिली आहे.

नमस्कार.