तांदळाच्या कणीएवढी माशी

सकाळचे सव्वानऊ. गाडीच्या स्क्रीनवर उणे ११ दिसतंय आणि हा आपला भाऊ डिकीच्या कडेवर बसून छातीपर्यंत येणारी वॉटरप्रूफ पँट चढवतोय, आत थर्मलचे दोन थर, पायात लोकरीचे मोजे, तरी दात वाजतायत. मूळचा मालवणचा. लहानपणी खाडीवर गरीला कोळंबी लावून बसायचा, तेही हाफ पँटीत. नोकरीमुळे डेन्व्हरला आला, इथे कुणीतरी त्याला फ्लाय फिशिंगचा, म्हणजे हुकवर दोऱ्याची खोटी माशी बांधून मासे पकडण्याचा नाद लावला आणि आता तो इतका वाढलाय की जानेवारीतल्या रविवारी जग रजईत असताना आम्ही इथे. आम्ही म्हणजे तो मासे पकडायला आणि मी कॅमेरा धरून त्याला शिव्या घालायला.

ही साऊथ प्लॅट नदी, कोलोरॅडो. डेन्व्हरपासून साधारण दीड तासावर डेकर्स लागतं, तिथून जवळच गाडी लावायची आणि गिल ट्रेलने बर्फातून अर्धा तास चालत चीझमन कॅन्यनमध्ये उतरायचं. एक अंदाज म्हणून सांगतो, ही नदी इथे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा उंचावरून वाहते.

आता बघा, काठावर गुडघाभर बर्फ, दगडांवर बर्फाच्या टोप्या, आणि मधे नदी मात्र आरामात वाहतेय, वर वाफा. गोठली का नाही? कारण वरच्या बाजूला चीझमन धरण आहे, १९०५ साली पूर्ण झालेलं, दगडी बांधकामाचं, २२१ फूट उंच. शाळेत 'पाण्याचे असंगत आचरण' होतं आठवतंय का, दोन मार्कांना हमखास यायचं? ४ अंशाचं पाणी सगळ्यात जड, ते तळाशी बसतं, बर्फ वर तरंगतो. धरणातून सोडतात ते हे तळाचं पाणी, त्यामुळे धरणाखालचे काही मैल नदी ऐन थंडीतही मोकळी राहते, पुढे गेलं की परत गारठते. त्या मोकळ्या पट्ट्यात ट्राउट, थंड गोड्या पाण्यातला मासा. ब्राउन आणि रेनबो, दोन्ही बाहेरून आणून सोडलेले. इथला मूळचा ग्रीनबॅक कटथ्रोट, पण तो या कॅन्यनमध्ये आता कुठला दिसायला.

पण मासा आहे म्हणजे तो गळाला लागेल असं नाही. पाणी इतकं गार की त्याचं शरीरच मंद चालतं, भूक कमी, त्यामुळे तो संथ खोल पाण्यात तळाशी पडून राहतो आणि हिशोब करतो, अक्षरशः. समोरचा घास खायला जेवढी ताकद लागणार त्यापेक्षा घासातून जास्त मिळत नसेल तर तो हलत नाही. उन्हाळ्यात चार फूट धावत येणारा मासा आता वीतभरसुद्धा सरकत नाही, घास थेट तोंडासमोरून गेला पाहिजे. (आमच्या ऑफिसात असे दोघंतिघं आहेत, ते जाऊ दे.)

आणि घास केवढा, तर हा. कॅमेरा जवळ नेतो. तळहातावर दिसतंय ते काळं टिंब म्हणजे २२ नंबरचा हुक, नंबर जेवढा मोठा तेवढा हुक बारीक. वर काळा दोरा, त्यावर चांदीच्या तारेचे वेढे, डोक्याला मणी. तांदळाची कणी बघा फार तर. थंडीत इथे मिज नावाची चिलटं तेवढी भरपूर, ट्राउट त्यांच्या अळ्या आणि कोश खातो, म्हणून तसंच काहीतरी बांधायचं. दुसरी माशी आरएसटू, तीही याच नदीची. मूळचे कोरियाचे रिम चंग यांनी ती ७०च्या दशकात इथल्यासाठी बनवली, थोडी लव, शेपटीला दोन केस, बास. मालवणात कोळंबी केवढी घ्यायचास म्हणून विचारलं तर म्हणाला, हिच्या शंभर माश्या मावतील एवढी.

सगळ्यात वैताग म्हणजे रॉडच्या कड्या. दोरी प्रत्येक वेळी ओली होऊन कड्यांमधून आत येते, ते पाणी तिथेच गोठतं आणि दहा मिनिटांत कडी बंद, दोरी सरकतच नाही. नवीन माणूस बर्फ नखाने उकरतो, कडी वाकते नाहीतर मोडते. याची युक्ती साधी, रॉड सरळ नदीत बुडवायचा. हवा उणे, पाणी ४, म्हणजे आत्ता आपल्यासाठी नदी हाच गिझर. कड्यांना लिप बामही चोळतात, थोडा वेळ टिकतो. रील मात्र भिजू द्यायचं नाही, ते गोठलं की दिवस गेला.

साडेबाराला ऊन पाण्यावर आलं, चिलटं उडायला लागली आणि हा एकाच खळग्यावर चाळीसेक वेळा दोरी टाकून उभा. पाय ठेवतानाही बघून, कारण ब्राउन ट्राउट शरद ऋतूत खडीत अंडी घालतात, ती अजून तिथेच असतात, त्या फिकट स्वच्छ खडीवरून चालायचं नाही. आणि बघा, बघा, मासा लागला की कळावं म्हणून लावलेला तो दोरीवरचा नारिंगी फुगा, बुडालाही नाही, नुसता थबकला. याने रॉड उचलला. तिकडून झटका, मग जडपणा, ओढाताण फारशी नाहीच, थंडीत मासाही आळशीच लढतो.

ब्राउन. पिवळट अंग, लाल ठिपके, त्यांच्याभोवती फिकट गोल. जाळं पाण्यातच ठेवलंय, मासा बाहेर काढून फोटो नाही, या हवेत ओले कल्ले गोठायला वेळ लागत नाही. कॅन्यनमधला नियमच आहे, पकडा आणि सोडा. चिमट्याने हुक काढला, ओल्या हाताने धरून प्रवाहाकडे तोंड केलं, शेपूट हलली, गेला.

"आईला सांगू नको सोडला म्हणून," हा मला म्हणतो.

दिवसभरात तो एकच. साडेतीनला ऊन डोंगरामागे गेलं, परत अर्धा तास चढून गाडीशी आलो तर बुटांच्या लेस गोठून लाकूड झालेल्या, गाठ सुटेचना. मग हा तसाच बूट घालून पुढच्या सीटवर, पायाशी हीटर फुल, आणि लेस विरघळेपर्यंत वीस मिनिटं मला पुढच्या रविवारचं वेदर दाखवत होता.