मागायचंय तरी काय?

श्रोतेहो, नमस्कार.

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, येशू एकच प्रश्न दोनदा विचारतो. आधी याकोब आणि योहान या सख्ख्या भावांना. त्यांची सुरुवातच बघा: गुरुजी, आम्ही मागू ते द्या. काय मागायचंय ते नंतर, आधी हो म्हणा! येशू विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं? मग पोटातलं ओठावर येतं. तुमच्या वैभवात एकाला उजवीकडे बसवा, एकाला डावीकडे. थोडक्यात, खुर्ची. पुढे यरीहोच्या वाटेवर आंधळा भिकारी बार्तीमय भेटतो. त्यालाही तोच प्रश्न. आता, आंधळ्याला काय हवं हे का विचारायला हवं? पण विचारलं, आणि त्याला ते स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं: मला दिसू दे.

ख्रिस्ती धर्मात उत्तरं शोधायला निघालेल्यानं, मग तो जन्मानं ख्रिस्ती असला तरी, आधी या प्रश्नापाशी थांबावं असं मला वाटतं. दुसऱ्याचा हेतू तपासायला आपण सगळेच तयार असतो. कुणी चर्चची पायरी चढला, की 'याला काय मिळालं?' ही कुजबुज सुरू. स्वतःला मात्र कुणी हे विचारत नाही. कुणी दुखण्याला कंटाळून आलेला असतो, कुणी घरच्यांवर रुसून, कुणी नुसताच वादात जिंकायला. यात लाजण्यासारखं काही नाही. येशूनं दिलेली भाकरी खाऊन तृप्त झालेले लोक होड्या करून कफर्णहूमपर्यंत येशूच्या मागे आले, तेव्हा त्यानं तोंडावर सांगितलं, तुम्ही भाकरीसाठी आलात. पण त्यांना हाकलून दिलं नाही, पुढे बोलतच राहिला.

पंडिता रमाबाईंनी ही तपासणी वर्षानुवर्षं केली. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. कानाच्या दोषामुळे ते राहिलं. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता इथं कुणी म्हणेल, परक्या मुलखात, आश्रय देणाऱ्यांचा धर्म घेतला. पण आश्रय देणाऱ्यांच्या हो ला हो बाईंनी कधी मिळवला नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या वाँटेजच्या मठातल्या, त्यांना आश्रय देणाऱ्या जोगिणींशी पत्रातून वाद घालत राहिल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, इथपर्यंत! मला तर ती पत्रं प्रार्थनेइतकीच प्रामाणिक वाटतात.

आणि तरीही बाईंनी स्वतःला सोडलं नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळालेला नाही. बुद्धीला पटलेल्या धर्मावर आपण समाधान मानून बसलो होतो, हे त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात उघड लिहिलं. हा उलगडा झाला तेव्हा त्या पुण्यात होत्या. शारदा सदन उभं राहिलेलं होतं, तिथे विधवा मुली शिकत होत्या, बाईंचं नाव देशाबाहेर पोचलेलं होतं. त्यांच्यात काही उणं आहे, असं बाहेरून कुणालाही वाटलं नसतं.

नमस्कार.