क्रीकचं नाव आधी, गाडीची चावी नंतर

नमस्कार मंडळी. ज्या घरांत सून किंवा जावई इथल्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या, जुन्या कुटुंबातला आहे, तिथे कधीतरी निघतंच, "आमचे पणजोबा क्लोंडाइकला सोनं काढायला गेले होते." मग उन्हाळ्यात गाडीने कॅनडाच्या वायव्येचा युकॉन प्रदेश गाठायचं ठरतं, क्लोंडाइक तिथेच. व्हाइटहॉर्स ते डॉसन सुमारे 530 किलोमीटर. टाकी व्हाइटहॉर्सलाच भरा, कारमॅक्सला पुन्हा भरा आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, कारण वाटेत बराच वेळ रेंज नसते. खालची गोठलेली जमीन हलते, त्यामुळे डांबरी रस्त्यालाही मध्येच उंचवटे येतात. तिथे वेग कमी.

खरं अडतं ते डॉसनला. जुन्या पत्रात '17 अबव्ह' एवढंच लिहिलेलं असतं. क्लेम म्हणजे सोनं खणायला नावावर नोंदवलेला जमिनीचा तुकडा, आणि हा पहिल्या शोधाच्या क्लेमपासून ('डिस्कव्हरी'पासून) प्रवाहाच्या वरच्या अंगाला सतरावा. पण ऑगस्ट 1896 मध्ये बोनान्झा क्रीकवर, म्हणजे त्या नावाच्या ओढ्यावर, सोनं सापडलं आणि लोक भोवतालच्या ओढ्यांवरही पसरले. हंकर ओढ्याची मोजणी हंकरच्या डिस्कव्हरीपासून. डोमिनियनवर तर अप्पर आणि लोअर अशा दोन डिस्कव्हरी. एल्डोराडोवर आकडे मुखापासूनच सुरू. क्रीकचं नाव नसलेला क्लेम म्हणजे पेठेचं नाव नसलेला घर नंबर.

म्हणून व्हाइटहॉर्सच्या युकॉन अर्काइव्हजमध्ये एक दिवस घालवाच. आडनावाची स्पेलिंगं चार-पाच तऱ्हांनी शोधा. मालकांच्या नोंदींत नाव नसलं तरी हिरमुसू नका. कितीतरी जण मजुरीने किंवा वाट्याने दुसऱ्याचा क्लेम खणत.

जागेवर झोपडी शोधू नका. पुढे ड्रेज नावाच्या तळ उपसणाऱ्या तरंगत्या यंत्रांनी ओढ्यांचे तळच उलथवले. बोनान्झाकाठचं ड्रेज क्रमांक 4 हे 1913 ते 1959 या काळातलं. परिसरात गोट्यांचे ढीग अळीसारखे वळत गेलेले दिसतील. बरेच क्लेम आजही चालू आहेत, परवानगीशिवाय पाऊल नको. हौशींसाठी बोनान्झावर '6 अबव्ह' मोकळा आहे.

तिथे आपल्या सराफकट्ट्यावरच्या झारेकऱ्याचंच काम करायचं. पॅन, म्हणजे सोनं धुवायची उथळ थाळी, दोन-तृतीयांश रेतीने भरा, पाण्याखाली धरून आडवा जोरात हलवा. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, ते तळाला बसतं. मगच पॅन कलता करून वरची रेती थोडीथोडी वाहू द्या. घाईने आधीच कलता केलात तर सोनंही गेलं. शेवटी काळी रेती उरते, तिच्यात पिवळे कण बघा. आणि क्रीम लावलेल्या हातांनी पॅन धरू नका: तेलकट झालेला बारीक कण पाण्यावर तरंगून निघून जातो. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला की तो बुडतो.