दाणे सहाव्यावर, घरटं चौथ्यावर

[दृश्य: पहाट. सहाव्या मजल्याची खिडकी, समोरच्या गच्चीवरून.]

खिडकी उघडते. हात बाहेर येतो. वाटी कलंडते.

दाणे सज्ज्यावर नीट पसरलेसुद्धा नाहीत, तोवर समोरच्या गच्चीवरून पहिला थवा सुटला. हे चित्रण आम्ही संथ करून दाखवतोय, कारण एरवी ते नजरेत मावत नाही. टाळ्या पडल्यासारखा आवाज येतोय ना? झेप घेताना कबुतराचे पंख पाठीवर एकमेकांवर आपटतात, त्याचा हा आवाज.

पाच-सहा मिनिटांत सगळं फस्त. सज्ज्यावर एक दाणा उरत नाही, एक पीस उरत नाही. खिडकी बंद होते.

सहाव्या मजल्याचा सज्जा स्वच्छ राहतो, एवढं ध्यानात ठेवा.

[दृश्य: कॅमेरा भिंतीवरून खाली. पाचवा मजला, जाळी. चौथा मजला.]

चौथ्या मजल्यावरच्या ताईंचा दिवस बादलीनं सुरू होतो. बाल्कनीच्या कठड्यावर पांढरा-करडा थर आहे, खाली फरशीवर आहे, कुंडीच्या कडेला आहे. त्या आधी पाणी शिंपडतात आणि थांबतात. हे थांबणं महत्त्वाचं. सुकी विष्ठा झाडूनं झाडली की तिची धूळ उडते आणि थेट छातीत जाते. म्हणून आधी भिजवायचं, नाकातोंडावर मास्क बांधायचा, हातात मोजे घालायचे आणि मग खरवडायचं. पत्र्याची ती पट्टी बघा. तिचं टोक घासून घासून गोल झालंय.

आतल्या खोलीत आजी झोपल्या आहेत. अशी धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते, आणि ती वेळेवर ओळखली नाही तर फुप्फुसं कायमची कडक होतात. आजींचा खोकला हटत नव्हता, तेव्हा डॉक्टरांनी आधी विचारलं ते हेच: घराजवळ कबुतरं आहेत का?

[दृश्य: एसीच्या बाहेरच्या यंत्रामागची फट. छोटा कॅमेरा आत सरकतो.]

आता आपण जिथे आलोय तिथे हात जात नाही. यंत्र आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा आहे. इथे आम्ही एक छोटा कॅमेरा ठेवला आणि ताईंच्या परवानगीनं तो दोन महिने तिथेच राहू दिला.

हा नर. चोचीत एक काडी. ती त्यानं मादीपुढे ठेवली आणि तो गेला. परत आला, पुन्हा एकच काडी. कबुतराचा नर एका खेपेला एकच वस्तू आणतो आणि मादी बसल्या बसल्या ती अंगाखाली सारते. दिवसभरात त्यानं काय काय आणलं पाहा: झाडूचे हीर, वायरचा तुकडा, प्लॅस्टिकची पट्टी, हा कंगव्याचा दात. याला घरटं म्हणायचं तर पसाराच आहे. पण पिल्लं त्यातच घाण करतात, ती वाळते आणि काड्या सिमेंट ओतल्यासारख्या घट्ट होतात. पुढच्या खेपेला जोडी त्यावरच नव्या काड्या रचते. ताईंनी मागच्या वर्षी काढलेलं घरटं खुरप्यानं फोडावं लागलं होतं.

पहिलं अंडं. साधारण दोन दिवसांनी दुसरं. यापेक्षा जास्त सहसा नसतातच.

आता बैठक सुरू. सकाळ सरली की नर येऊन बसतो, दुपार कलली की मादी त्याला उठवते आणि रात्रभर तीच बसते. सतरा ते एकोणीस दिवस हे चालतं. घड्याळ नाही, भांडण नाही, पाळी चुकत नाही.

[दृश्य: पिल्लू. आवाज चालू ठेवावा. निवेदन वीस सेकंद थांबेल.]

डोळे मिटलेले, अंगावर विरळ पिवळसर लव. आईबाप त्याला दाणा देत नाहीत. पहिले काही दिवस त्यांच्या गळ्यातल्या पिशवीच्या आतल्या थरातून दह्याच्या कवड्यांसारखा एक पदार्थ सुटतो, तो ते पिल्लाच्या तोंडात सोडतात. याला कबुतराचं दूध म्हणतात, आणि हे दूध आईइतकंच बापालाही येतं. बहुतेक पक्षी पिल्लांसाठी किडे शोधत फिरतात, त्यामुळे किड्यांचा हंगाम हाच त्यांचा विणीचा हंगाम. कबुतराला किडा लागत नाही. आईबापाचं पोट दाण्यांनी भरलेलं असलं की दूध तयार. म्हणून दाण्याला खंड नसेल तर कबुतराच्या विणीलाही खंड नसतो. महिनाभरात ही पिल्लं उडतील, आणि ती उडण्याआधीच हीच मादी पुढची अंडी घालायला बसू शकते. वर्षाला पाच-सहा वेळा.

सहाव्या मजल्यावरच्या वाटीतून चौथ्या मजल्यावर काय उतरतं, ते हे.

[दृश्य: इमारतीचं टोक, सज्जे, वळचणी, पाइप. खालून वर.]

मराठीत या पक्ष्याला एक जुनं नाव आहे, पारवा. त्याच्या अंगाचा निळसर राखी रंग, तोही पारवाच. रानटी पारवा झाडावर घरटं करत नाही. कड्याच्या कपारीत, समुद्रकाठच्या गुहेत, खडकाच्या अरुंद पायरीवर तो राहतो. माणसानं त्याला किमान 5000 वर्षांपूर्वी पाळायला घेतलं, मांसासाठी, खतासाठी आणि निरोपासाठी. आपल्या शहरांतली कबुतरं ही त्या पाळलेल्या कबुतरांतून सुटलेल्यांची वंशावळ आहे. आता ही इमारत त्याच्या डोळ्यांनी बघा. उभा कडा, दर दहा फुटांवर एक पायरी, पायरीमागे कपार, ससाणा क्वचित, आणि वरच्या पायरीवर रोज ठरल्या वेळी दाणे. आपण त्याच्यासाठी कडाच बांधून ठेवलाय.

[दृश्य: प्लॅस्टिकचं घुबड. त्याच्या डोक्यावर कबुतर.]

हे चित्र जुळवून आणलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावर घुबड बसवलं, चार दिवस धाक राहिला, पाचव्या दिवशी हे. लटकवलेल्या चकाकत्या तबकड्यांचंही तेच झालं. दुसऱ्या एका घरात माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं यंत्र आणलं होतं. माणसाला न ऐकू येणारा तो उंच आवाज कबुतरालाही ऐकू येत नाही. उंच स्वरांच्या बाबतीत त्याचा कान आपल्यापेक्षा कमीच आहे. एकानं तर पिंजरा लावून चार कबुतरं धरली आणि गाडीतून दूर नेऊन सोडली. 1850 साली, पुढे रॉयटर्स ही वृत्तसंस्था काढणाऱ्या रॉयटर यांनी जर्मनीतलं आखेन आणि बेल्जियममधलं ब्रसेल्स या शहरांमध्ये शेअरबाजाराच्या बातम्या कबुतरांकरवी पोचवल्या, त्या याच पक्ष्याच्या घरी परतण्याच्या सवयीच्या भरवशावर. ती चार कबुतरंही परतली.

[दृश्य: दोरावर लोंबकळणारा कारागीर. पाचवा मजला.]

आणि आता जाळी. कारागीर दादांचं काम आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत टिपलं. कमरेला पट्टा, पट्ट्याचा दोर गच्चीवरच्या खांबाला. आधी चौकटीभोवती भोकं पाडून हुक ठोकायचे. हुकांतून स्टीलची तार फिरवायची आणि ती बोटानं छेडली तर वाजेल इतकी ताणायची. मग जाळीची कड एकेक घर धरून तारेला बांधायची. कबुतरासाठी जाळीचं घर 50 मिलिमीटरचं पुरतं. मोठं असेल तर तो अंग चोरून आत येतो.

ताणावर मी मुद्दाम बोलतोय. सैल सोडलेली जाळी हवेत हलते, तिच्या झोळात पक्ष्याचा पाय किंवा पंख अडकतो आणि तो तिथेच तडफडून मरतो. मागच्या बाजूच्या इमारतीत आम्हाला तसा एक दिसला, ते चित्रण आम्ही वापरलेलं नाही. दादा दुसरी गोष्ट पाहतात ती आतली. आत घरटं, अंडी, पिल्लं असतील तर ते जाळी बांधत नाहीत. आईबाप बाहेर, पिल्लं आत, अशी जाळी आपण बांधत नाही, असं त्यांनी कॅमेऱ्यासमोर साधेपणानं सांगितलं.

ज्यांना जाळी नको त्यांनी सज्ज्यावर पत्रा तिरका बसवावा, पंचेचाळीस अंशांपेक्षा जास्त उतार. पाय ठरत नाही, पक्ष्याला इजा होत नाही.

पाचवा मजला बंद झाला. संध्याकाळी तिथली कबुतरं जाळीवर येऊन आपटली, घिरट्या घातल्या आणि चौथ्या मजल्यावर उतरली. ताईंचा त्रास त्या दिवसापासून दुप्पट झाला. जाळी लावणाऱ्याचा यात दोष नाही, पण जाताना खालच्या मजल्यावर एक शब्द टाकायला हवा होता, असं मला याच इमारतीचा रहिवासी म्हणून वाटतं.

[दृश्य: रिकाम्या खुर्च्या, जिन्याखालची जागा.]

रहिवाशांची बैठक झाली. तिथे कॅमेरा नव्हता. दोन्हीकडून आवाज चढले आणि त्यानंतर महिनाभर सहावा आणि चौथा मजला लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलले नाहीत, एवढंच सांगतो.

[दृश्य: सहावा मजला, आतून. काका खिडकीजवळ.]

हे काका. वाटी त्यांचीच. आम्ही कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा ते जरा ताठ बसले होते, पण कबुतरांचा विषय निघाला आणि बोलू लागले. कोणतं कबुतर लंगडतं, कोणतं आधी येतं, कोणतं दुसऱ्याला ढकलतं, त्यांना सगळं माहीत आहे. कबुतरंही त्यांना ओळखतात, असं ते म्हणाले, आणि ते खरं आहे. पॅरिसमधल्या एका बागेत संशोधकांनी दोन बायकांना दाणे टाकायला लावले. दोघींचे अंगरखे वेगळ्या रंगाचे. एक कबुतरांना हुसकायची, दुसरी नाही. मग दोघींनी अंगरखे बदलले. तरीही कबुतरं हुसकणारीपासूनच लांब राहिली. 2011 साली हे प्रसिद्ध झालं. कपडे बदलून फसवता येत नाही त्यांना. काकांच्या खिडकीची मूठ हलली की थवा उठतो, तो त्या मुठीच्या आवाजाला नव्हे, काकांना.

मी त्यांना स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराचं उदाहरण सांगितलं. तिथे 1961 ते 1985 या काळात सुमारे एक लाख कबुतरं मारली गेली. संख्या होती तिथेच राहिली, वीस हजारांच्या आसपास, कारण दाणे होते तितकेच होते आणि मेलेल्यांची जागा नवी पिल्लं घेत होती. 1988 साली त्यांनी मारणं सोडून लोकांशी बोलायला सुरुवात केली. फलक लावले, पत्रकं वाटली: दाण्यामुळे गर्दी होते आणि गर्दीत पिल्लं रोगानं, उवा-गोचिडींनी मरतात. लोकांनी हात आवरला. चार वर्षांत संख्या निम्म्यावर आली. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात 2003 मध्ये आणि व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात 2008 मध्ये दाणे टाकायला बंदी झाली, पण मला भावतं ते बाझल. तिथे आधी सांगितलं गेलं.

काका ऐकत होते. पटलं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही.

[दृश्य: काकांच्या हातात कॅमेऱ्याचा पडदा. त्यांच्या खांद्यावरून.]

मग आम्ही त्यांना दोन महिन्यांचं ते चित्रण दाखवलं. खिडकीतून खाली वाकलं तरी त्यांना स्वतःचा सज्जाच दिसतो, त्याखालचं काही दिसत नाही. कबुतर जिथे खातं तिथे मुक्काम करत नाही. काकांनी सात वर्षं दाणे टाकले आणि सात वर्षं स्वच्छ सज्जा पाहिला.

काड्या. अंडी. बाप अंड्यांवर बसलेला. काका हसले.

मग हे. दोन पिल्लांतलं एक. डोळ्यांभोवती सूज, पिसांत गोचिडी. दुसरं त्याच्या अंगावरून चालत जातंय. त्यानंतर ताईंचा हात, मोजा घातलेला, कागदात काहीतरी गुंडाळतोय.

[निवेदन नाही. काकांचा चेहरा. चाळीस सेकंद.]

[दृश्य: चौथ्या मजल्याचं दार. काका बाहेर उभे.]

“अगं, मला वरून हे दिसतच नव्हतं,” एवढंच ते म्हणाले. ताईंनी “आत या ना, काका” म्हटलं. पुढचं बोलणं आम्ही चित्रित केलं नाही.

दाणे एका दिवसात बंद केले नाहीत. रोज मूठभर कमी, असं ठरलं, म्हणजे थव्याला दुसरीकडे पांगायला वेळ मिळतो आणि घरट्यातली पिल्लं उपाशी राहत नाहीत. पाच आठवडे लागले.

[दृश्य: पहाट. सहाव्या मजल्याची खिडकी, पहिल्या दृश्याच्याच जागेवरून.]

तीच वेळ. खिडकी बंद. चार-पाच कबुतरं सज्ज्यावर उतरतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात, काचेकडे मान वाकडी करून पाहतात. काचेमागे काका उभे आहेत. तुम्हाला दिसणार नाहीत, पण पडद्याची कड हललेली दिसेल.

[दृश्य: चौथा मजला. ताई फोनवर. मागे एसीची फट.]

कारागीर दादांचा फोन आलाय, जाळी कधी बांधायची विचारायला. ताई वाकून फटीत बघतात. एक पिल्लू उडून गेलंय. दुसरं कडेला येऊन पंख झाडतंय आणि परत मागे सरतंय.

“दादा, अजून आठ दिवस थांबा,” ताई म्हणतात. “एक राहिलंय.”