फोटो कोणी काढला?

नमस्कार मंडळी. आज माझ्या भाच्याच्या फोटोंबद्दल सांगायचंय. आमच्या इथे इंदूरच्या रामबागेतच वाढलेला मुलगा, आता मराठा लाईट इन्फंट्रीत जवान आहे.

पहिला फोटो पासपोर्ट साईजचा, भरतीसाठी काढलेला. वीस कॉपी लागतात, पांढरं बॅकग्राउंड, डोक्यावर टोपी नको, दाढी साफ. स्टुडिओवाला म्हणाला, हसू नकोस, तर हा एवढा गंभीर झाला की ताई म्हणाली, अरे हा माझा वाटतच नाहीये. उरलेल्या सहा कॉपी अजून तिच्या पर्समध्ये आहेत.

दुसरा इंदूर स्टेशनवरचा, भाऊजींनी मोबाईलवर काढला आणि तो पूर्ण हललाय, चेहरा नीट दिसत नाही, फक्त पाठीवरची बॅग आणि खिडकीतून बाहेर आलेला हात. मी म्हटलं डिलीट करा, दुसरा आहे ना चांगला, तर ताईनं करू दिला नाही. आता मला कळतं, त्या फोटोत भाऊजींचा हात थरथरलेला दिसतो, त्यांचा स्वतःचा फोटोच आहे तो एका अर्थी.

तेव्हापासून मला सवयच लागली, फोटो बघितला की विचारायचं, हा काढला कोणी?

आपल्या इंदूरला फोटोचं वेड जुनंच आहे. राजा दीनदयाळ 1866 साली इथे बांधकाम खात्यात नोकरीला आले, इथेच त्यांनी कॅमेरा हातात घेतला, तुकोजीराव होळकरांनी, म्हणजे दुसऱ्या, त्यांना उत्तेजन दिलं आणि मग पुढे ते देशभर गाजले. आमच्या पणजोबांचाही एक फोटो आहे, होळकरांच्या फौजेतला, मागे रंगवलेला पडदा, हातात काठी. पण मागच्या बाजूला कोरं! कुठे काढला, कोणत्या साली, बाजूला उभा असलेला माणूस कोण, काही नाही, आणि सांगणारं आता कोणी उरलं नाही. तुमच्या घरी असे फोटो असतील तर आजच आजीआजोबांना विचारून मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा, खरंच.

बेळगावला ट्रेनिंग सुरू झालं आणि आमच्याकडे फोटो येणंच थांबलं. मोबाईल जमा, रविवारी थोडा वेळ बोलणं, बस. एकदम कसम परेडचाच फोटो आला, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावर जवान शपथ घेतात त्या परेडचा. तिला आम्हीही गेलो होतो. तो सेंटरच्या फोटोग्राफरनं काढलेला, सगळी मुलं एका रांगेत, हिरव्या बेरे टोप्या, त्यांवर लाल-हिरवा तुरा, आणि ताईनं आधी दुसऱ्याच मुलावर बोट ठेवलं. भाऊजींच्या छातीवर गौरव पदक, म्हणजे जवानाच्या आईवडिलांना सेना देते ते, लावलं होतं तरी ती तेच आठवून रडत होती, की मला माझा ओळखू आला नाही. 1768 पासूनची पलटण आहे ती, आणि शिवाजी महाराजांच्या नावाची घोषणा उठली तेव्हा अंगावर काटा आला, पण मला आठवतं ते ताईचं चुकलेलं बोट.

नंतर तो बर्फात गेला. तिथून आलेले फोटो मोजून दोन, त्यांच्यात मागे नुसती तंबूची कापडी भिंत. ते बरोबरच आहे, फोटोत काय दिसलं यावरून शत्रूला ठिकाण कळू शकतं, 2020 साली तर सेनेनं जवानांना 89 ॲप मोबाईलमधून काढायला सांगितली होती. ताई त्या फोटोत मोठं करून करून त्याचे हात बघायची, बोटं नीट आहेत ना. चेहरा काळवंडलेला आणि डोळ्यांभोवती गॉगलचे पांढरे गोल. कोणी काढला विचारलं तर म्हणाला, बडीनं, म्हणजे जोडीला दिलेल्या साथीदार जवानानं. त्या मुलाला आम्ही कधी पाहिलं नाही, पण ताई देवापुढे त्याचंही नाव घेते.

मागच्या वर्षी एका कोर्ससाठी तो महूला आला, म्हणजे घरापासून पंचवीस किलोमीटरच्या आत! एका रविवारची सुट्टी मिळाली. पोहे खाल्ले, जिलेबी खाल्ली, आणि बोलता बोलता दिवाणावर झोपला तो चार तास, बूट दाराशी अगदी एका रेषेत ठेवलेले. तेव्हाचा एक फोटो आहे. ताईनंच काढलाय, कोपऱ्यात तिचं बोट आलंय.